नगरकडील घरांतील ऊब आणि गारवा

घरांचा इतिहास आपल्याकडे बहुधा भिंतींचा, कमानींचा व शिलालेखांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. त्या भिंतींच्या आत राहणारा माणूस वैशाखात किती तलखीने हैराण होत होता आणि पौषात किती काकडत होता, याची नोंद शिलालेखात सापडत नाही. ती शोधावयाची तर बांधणीच्या रीतीत आणि लोकांच्या तोंडच्या शब्दांत शोधावी लागते. प्रस्तुत लेखात असा शोध अहमदनगर जिल्ह्यापुरता घेतला आहे. या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. परंतु येथील विवेचन बहुतांशी जुन्या काळासंबंधी असल्यामुळे जुनेच नाव, आणि लोकांच्या तोंडी असलेले त्याचे 'नगर' हे लघुरूप, वापरणे सोयीचे होईल.

या विषयाकडे वळण्यास निमित्त झाले ते आजच्या एका यंत्राचे. घर उन्हाळ्यात गार व हिवाळ्यात उबदार ठेवणारे हे यंत्र उष्णता-पंप या नावाने ओळखले जाते. खोलीत भिंतीवर बसविलेले नित्याचे वातानुकूलन यंत्र हेही तत्त्वतः उष्णता-पंपच होय. भाषेच्या अभ्यासकाला या नावातील 'पंप' हा शब्द थबकविणारा वाटतो. पंप पाण्याला लावतात. उष्णतेला पंप लावावयाचा म्हणजे काय?

याचे उत्तर नगरकडील शेतकऱ्याला कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मोटेने अधिक चांगले सांगितले असते. विहिरीतील पाणी आपण होऊन शेतात चढत नाही. उतार मिळाला तर ते पाटाने वाहते. चढवावयाचे तर मोट हवी, नाडा हवा आणि धावेवर जाणारे बैल हवेत. बैलांची मेहनत पाणी उत्पन्न करण्यात खर्च होत नाही, असलेले पाणी वर आणण्यात खर्च होते. उष्णतेचेही असेच आहे. ती स्वभावतः अधिक तापलेल्या जागेकडून कमी तापलेल्या जागेकडे वाहते. उन्हाळ्यात अंगणापेक्षा घर गार ठेवावयाचे, म्हणजे गार घरातील उष्णता उपसून तापलेल्या अंगणात नेऊन ओतावयाची. हे काम उताराविरुद्धचे आहे. यंत्रात मोटेची जागा एका झटकन वाफ होणाऱ्या द्रवाने घेतलेली असते. खोलीतील नळ्यांत त्या द्रवाची वाफ होते आणि वाफ होताना तो खोलीतील उष्णता घेतो, म्हणजेच मोट भरते. मग विजेवर चालणारा दाबयंत्राचा बैल ती वाफ दाबून अधिक तापवितो. बाहेरच्या नळ्यांत तिचा पुन्हा द्रव होतो व उष्णता तेथे सोडली जाते. हे थारोळे. रिकामी मोट पुन्हा खाली उतरते. विहीर जितकी खोल तितकी बैलांची दमछाक अधिक, तसे बाहेरचे ऊन जितके कडक तितका विजेचा खर्च अधिक. हिवाळ्यात हीच मोट उलटी जुंपावयाची: विहीर बाहेरच्या हवेत आणि थारोळे घरात. एक भाग वीज खर्चून तीन-चार भाग उष्णता हलविता येते, यातील गौडबंगाल एवढेच.

या यंत्राच्या कल्पनेचा उगम उष्ण देशांच्या गरजेत आहे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. स्कॉटलंडचे राजज्योतिषी चार्ल्स पियाझी स्मिथ यांनी १८५० च्या सुमारास उष्ण कटिबंधातील खोल्यांची हवा थंड करण्याची एक पद्धत सुचविली होती. हवा दाबली की तापते. ती तापलेली असतानाच तिची उष्णता काढून घ्यावी व मग तिला पसरू द्यावे, म्हणजे ती गार होईल, असा तिचा आशय होता. पुढे १८५२ मध्ये विल्यम टॉमसन, म्हणजे नंतरचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी हवेच्या अशाच प्रवाहाने इमारती थंडही करता येतील व तापविताही येतील, आणि तापविण्याच्या कामी सरळ कोळसा जाळण्यापेक्षा इंधन पुष्कळ वाचेल, असे दाखवून दिले. युरोपात मात्र या कल्पनेचा उपयोग आधी कारखान्यात, व घराच्या बाबतीत प्रामुख्याने उबेसाठी झाला. ऑस्ट्रियातील पीटर फॉन रिटिंगर याने १८५६ मध्ये मिठाच्या कारखान्यात या तत्त्वाचा वापर केला. झुरिकच्या जुन्या नगरभवनात १९३७-३८ मध्ये लिमाट नदीच्या पाण्यातून उष्णता उपसून इमारत तापविणारा पंप बसला. नदीच्या थंडगार पाण्यातून ऊब काढता येते हे ऐकून आजही पदवीधर माणसे भुवया उंचावतात. वास्तविक माघातील पहाटे आडाच्या पाण्यातून वाफा निघताना ज्याने पाहिल्या आहेत, त्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. जमिनीखाली काही हात खोल गेले की उष्णतामान वर्षभर जवळजवळ सारखे राहते. म्हणून तेच पाणी हिवाळ्यात कोमट व उन्हाळ्यात गार लागते.

आता नगरकडे वळू. विजेपूर्वीच्या नगरी घरांत उष्णतेला मोट लावलेली कोठेही आढळत नाही. आढळतात ते पाट. उष्णतेला निघून जाण्यास उतार कोठे आहे, पाण्यात, जमिनीत की रात्रीच्या आकाशात, हे हेरून तिला वाट काढून दिलेली असते. या दोहोंतील भेद पुसून टाकण्याकडे अलीकडील लोकप्रिय लेखनाचा कल दिसतो. जुन्या महालाचे वर्णन आले की 'त्या काळचे वातानुकूलन' हे शब्द ठरलेलेच. हे कौतुक ऐकावयास गोड असले तरी त्याने त्या कारागिरांच्या कामाचे खरे स्वरूप झाकले जाते.

अशा वर्णनांचा आवडता विषय म्हणजे फराहबाग. मलिक अहमद याने १४९० मध्ये भिंगारजवळ बहामनी सैन्याचा पराभव केला व १४९४ मध्ये सीना नदीकाठी शहराची उभारणी सुरू केली. या कमी पावसाच्या प्रदेशात राजधानी वसविणाऱ्यांना पहिली चिंता पाण्याची होती. भोवतालच्या उंचवट्यांवरील झरे व विहिरी शोधून तेथून खापरी नळांनी पाणी शहरात आणले गेले. कापूरवाडी, शेंडी, वडगाव ही नावे त्या योजनांशी जोडलेली आहेत. हे नळ भाजलेल्या मातीचे व जमिनीत पुरलेले असल्यामुळे पाणी वाटेत तापत नसे. शहराच्या उत्तरेची बेहस्तबाग, म्हणजे मूळची हश्त बिहिश्त, व आग्नेयेची फराहबाग ही दोन्ही उद्याने अशा आणलेल्या पाण्यावर उभी होती, आणि दोन्हींत मुख्य इमारत तळ्याच्या मध्यभागी होती. फराहबागेतील महाल मूर्तजा निजामशहा पहिला (कारकीर्द १५६५ ते १५८८) याच्यासाठी बांधला गेला. आधी बांधलेली वास्तू राजाला रुचली नाही म्हणून ती पाडून सलाबतखानाने नवी उभारली आणि १५८३ च्या सुमारास ती पूर्ण झाली, असा वृत्तान्त आहे. हाच सलाबतखान शाहडोंगरावरील त्या तीन मजली अष्टकोनी कबरीत विसावला आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात, हे त्याचे दुर्दैव.

या महालात गारवा कसा येत असावा? एक लिटर पाण्याची संपूर्ण वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. आजच्या विजेच्या हिशेबात हे सुमारे दोन-तृतीयांश युनिट होते. चैत्र-वैशाखातील नगरची हवा कोरडी असते, त्यामुळे तळ्यातील पाण्याची वाफ झपाट्याने होते व पाण्यावरून येणारा वारा निवतो. जाड चुनेगच्ची भिंती दिवसाची उष्णता आत पोचू देण्यास वेळ लावतात. मधल्या उंच दालनात तापलेली हवा वर चढते व माणूस बसतो ती पातळी गार राहते. एवढे निश्चितपणे म्हणता येते. परंतु यापलीकडे या रीतीची धाव जात नाही. वाफेने हवा गार होण्याची मर्यादा हवेतील ओलाव्याने ठरते. आषाढात हवा ओलसर झाली की तळे जवळजवळ निरुपयोगी, आणि ज्या वर्षी खापरी नळांना पाणी कमी त्या वर्षी ते ज्येष्ठातही निरुपयोगी. ही व्यवस्था पाण्याच्या पाटावर अवलंबून होती. नळ बंद पडले तेव्हाच फराहबागेचा गारवा संपला, इमारत ढासळण्याची वाट पाहावी लागली नाही. आज तो महाल भग्नावस्थेत उभा आहे आणि भरउन्हात तेथे जाणारा प्रवासी दगडांच्या सावलीपुरताच गारवा अनुभवतो. त्याच्या प्रशंसेसाठी वातानुकूलनाची उपमा वापरणाऱ्यांनी निदान पाण्याचा उल्लेख आधी करावा.

या महालाच्या धन्याचा शेवट इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. उष्णतेच्या दृष्टीने मात्र त्याकडे क्वचितच पाहिले जाते. १५८८ मध्ये मूर्तजाचा मुलगा मिरान हुसेन याने आजारी बापाला हमामखान्यात कोंडले, दारे-खिडक्या बंद केल्या आणि खाली मोठा जाळ करविला. राजा आतील उष्णतेने व वाफेने गुदमरून मेला. हा वृत्तान्त देणारा फेरिस्ता त्या वेळी नगरातच राजाच्या पहाऱ्यावर नोकरीस होता, म्हणून त्याला महत्त्व आहे. हमाम ही पश्चिम आशियातून आलेली, जमिनीखाली अग्नी ठेवून खोली व पाणी तापविण्याची विद्या होती. तिच्यात उष्णतेचा पुरवठा अखंड असतो, आणि ती निघून जाण्याची वाट राखली तरच ती सुखाची ठरते. मिरान हुसेनाने नवीन असे काहीच केले नाही. फक्त वाट बंद केली.

राजवाड्यांवर इतके लिहिल्यावर सामान्यांच्या घराविषयी अधिक लिहिणे भाग आहे, कारण जिल्ह्यातील गारव्याचा खरा इतिहास माळवदाखाली घडला. गावठाणाला पांढरी आणि शेतजमिनीला काळी म्हणण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. त्या पांढरीचीच माती भिंतींना व छपराला वापरली जाई. भिंतींवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, त्यांवर किलचा, मग पाला-पाचोळा आणि वर खाऱ्या पांढऱ्या मातीचा जाड थर, असे हे सपाट छप्पर असते. उजेडाला व धुराला वाट म्हणून त्यात साणे ठेवतात. ज्या प्रदेशात वर्षाला सरासरी पाचसहाशे मिलिमीटरच पाऊस पडतो तेथेच हे छप्पर शक्य आहे. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात कळसूबाई-भंडारदऱ्याच्या मुलखात, सह्याद्रीचा पाऊस माळवद टिकू देत नाही. तेथे उतरत्या छपराची घरे आहेत, आणि ऊब मिळविण्याची रीतही निराळी: घरातच एका बाजूला गुरे, मधे चूल, आणि रात्रभर धुमसणारा ओंडका. गुरांच्या अंगची ऊब हा तेथील घराचा हिशेबात धरलेला भाग होता. तिला मागासलेपणाची खूण समजणाऱ्या अहवाललेखकांना तेथील पौष महिन्याची कल्पना नसावी.

माळवदाच्या घराचा उष्णतेशी असलेला व्यवहार उसनवारीचा असतो. दिवसभर ऊन छप्पर तापवीत राहते, पण जाड मातीतून ती धग खाली झिरपावयास कित्येक तास जातात. त्यामुळे दुपारी माजघर गार असते. संध्याकाळनंतर उसने घेतलेले फेडण्याची वेळ येते: छपराची उष्णता काही आकाशाकडे जाते, काही खाली खोलीत उतरते. हिवाळ्यात हीच उतरलेली उष्णता रात्रीची ऊब होते. उन्हाळ्यात ती नकोशी होते, म्हणून घरातील माणसे अंथरुणे घेऊन माळवदावर जातात. गच्चीवर झोपण्याच्या प्रथेचे वर्णन ललित लेखकांनी चांदण्याच्या संदर्भात पुष्कळ केले आहे. तिचे कारण असे साधे आहे: दिवस-रात्रीच्या उष्णतामानात मोठे अंतर असलेल्या या पठारावर माणसांनी वेळेप्रमाणे जागा बदलली, घराला ताण दिला नाही. श्रीमंतांच्या वाड्यांत यावर वाळ्याच्या टट्ट्यांची, तळघरांची व सोऱ्याने पाणी थंड करणाऱ्या आबदारखान्याची भर पडे. सोऱ्याची व वाळ्याच्या खोल्यांची माहिती अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त आलेली असल्याने तिचा विस्तार येथे करीत नाही.

आता शब्दांकडे. 'थंड करणे' हा आजचा प्रयोग ऐकताना असे वाटते की थंडी हा एखादा पदार्थ आहे आणि तो खोलीत आणून सोडावयाचा आहे. 'यंत्र थंड हवा सोडते' असे आपण म्हणतोही. मराठीचे जुने क्रियापद निराळे आहे. चहा निवतो, दूध निववितात, मन निवते. 'निवणे' हे संस्कृत 'निर्वा' या धातूकडे जाते. त्याचा अर्थ विझणे, शांत होणे. 'निर्वाण' हा शब्द त्याच कुळातला. म्हणजे मराठी माणसाच्या मूळच्या समजुतीत गार होणे म्हणजे आतील उष्णता निघून जाणे होय, बाहेरून काही येणे नव्हे; आणि ऊष्मागतिकीलाही हेच मान्य आहे. ज्ञानेश्वरीत या क्रियापदाचा वापर विपुल आहे, आणि तो ग्रंथ शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, याच जिल्ह्यातील नेवासे येथे सिद्ध झाला. गोदावरी-प्रवरेच्या या मुलखातील उन्हाळा ज्याने सोसला आहे, त्याला त्या ग्रंथात निवण्याला मिळालेला मान केवळ रूपकाचा वाटणार नाही. अर्थात शब्दांवरून लोकांना भौतिकशास्त्र ठाऊक होते असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. एवढेच म्हणता येईल की भाषेने निरीक्षण जपून ठेवले.

दुसरा शब्द याहून गमतीचा आहे. न्हाणीघरात पाणी तापविण्याचे तांब्याचे उभे भांडे, ज्याच्या पोटातील नळीत निखारे असतात, त्याला आपण बंब म्हणतो. आग विझविणाऱ्या गाडीलाही बंबच म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा' पासून आला, आणि त्या भाषेत त्याचा अर्थ पंप! पाणी उपसणाऱ्या यंत्राचे नाव मराठीत आगीवर पाणी मारणाऱ्या यंत्राला मिळाले, आणि तेच पाणी तापविणाऱ्या भांड्यालाही चिकटले. परिभाषा घडविणाऱ्यांनी उष्णता-पंप, ऊष्मा-पंप असे जोडशब्द सुचवावेत, त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. पण पंप आणि ऊब या दोन कल्पना मराठीने एका शब्दात पूर्वीच गाठल्या होत्या.

यंत्राने गार करण्याची ओळख नगरच्या खेड्यांना घरातून झाली नाही, ती दुधातून झाली. संगमनेर, राहाता, राहुरी या भागांत 'दूध शीतकरण केंद्र' हा शब्दप्रयोग निरक्षर गवळ्याच्याही तोंडी बसला आहे. 'वातानुकूलन' मात्र शासकीय कागदांत राहिले आणि लोकांनी 'एसी' स्वीकारला. 'शीतकरण' रुजला तो रोज सकाळ-संध्याकाळ दुधाची किटली घेऊन तेथे जावे लागते म्हणून. संस्कृतप्रचुर पारिभाषिक शब्द लोक नाकारतात असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण विचारात घ्यावे.

घरांत यंत्र शिरले त्याची वाट आधी छपराने मोकळी केली. प्रवरानगरच्या १९५० च्या सहकारी साखर कारखान्यापासून पाटपाण्याच्या भागात जो पैसा खेळू लागला, त्याचा पहिला मान नव्या घराला मिळाला. माळवद दरसाल माती मागते, पावसात गळते, त्यात विंचू-उंदीर होतात. ते सोडून देणाऱ्या गृहिणीला दोष देण्याचा अधिकार गच्चीवरील चांदण्याचे गोडवे गाणाऱ्यांना नाही. परंतु सिमेंटची चारपाच इंची स्लॅब उष्णतेची उसनवारी लांबवू शकत नाही. दुपारी घेतलेली धग ती तिसऱ्या प्रहरापासूनच खोलीत ओतू लागते आणि मध्यरात्रीपर्यंत ओतत राहते. घराने जे काम सोडले ते यंत्राकडे आले.

येथे मोटेचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. यंत्राने खोलीतून तीन भाग उष्णता काढली आणि त्यासाठी एक भाग वीज खर्ची घातली, तर बाहेर तीन नव्हे, चार भाग उष्णता पडते. बैलांची मेहनतही शेवटी थारोळ्यातच उतरते. फराहबागेची उष्णता तळ्यातील पाण्याबरोबर वाफ होऊन जात असे, माळवदाची बरीचशी रात्रीच्या आकाशाकडे जात असे. या दोन्ही ठिकाणी शेजारी कोणी नव्हता. नगरच्या जुन्या पेठांतील बोळ मात्र दोन हात पसरावेत एवढ्याच रुंदीचे आहेत, आणि थारोळे तेथे समोरच्या घराच्या खिडकीसमोर टांगलेले असते. 'झळ' हा शब्द आजवर वाऱ्याची, चुलीची किंवा वणव्याची सांगण्यासाठी होता. आता मे महिन्यात रात्री दहा वाजता ती समोरच्या भिंतीवरून येते. ज्यांच्या घरी यंत्र नाही ती माणसे आधी खिडकी लावून घेतात; मग आत उकाडा होतो, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आत हप्त्यावर यंत्र घेऊन तीही आपले थारोळे बोळाकडे टांगतात.